गुडघ्याची साक्ष

मी फरशी बसवते. कुणाच्या हाताखाली माल कालवत नाही, स्वतः बसवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिल्यांदा भेटणारा प्रत्येक माणूस माझ्या हातातली थापी बघतो, इकडेतिकडे मान वळवतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठे गेलेत?" पूर्वी मी भांडायचे. आता म्हणते, "चहाला गेलेत, तोवर माझ्याशी बोला." बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं, आणि मग कुठे बघावं ते त्याला कळत नाही.

या धंद्यात आम्ही दोघं भावंडं, दादा आणि मी. बाबा फरशीचे मिस्त्री होते आणि मुलगा-मुलगी असला भेद करायला त्यांना वेळ नव्हता. घरात जो रिकामा दिसेल त्याच्या हातात ते थापी द्यायचे, आणि मी कायम रिकामी दिसायचे. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, शांत, मोजकं बोलणारा. माझं तोंड मात्र सुरूच. "धाकटे, तोंडापेक्षा हात चालव," हे मी आयुष्यात इतकं ऐकलंय की आता ते मला ऐकूच येत नाही. पण आमच्या कामाला नाव ठेवायला आजवर कुणाला जागा सापडलेली नाही. शाळेत, पोस्टात, बाजारातल्या दुकानांत लोक रोज आमच्या फरशीवरून चालतात आणि खाली बघत नाहीत. फरशी वाईट असली की लोक अडखळतात, मग बघतात.

बाबांची एक रीत होती. फरशी मालावर बसवली, रबरी हातोडीनं ठोकली, पातळी पाहिली, की शेवटी तिच्यावर उघडा गुडघा टेकायचा आणि अंगाचा भार हळूच सोडायचा. खाली माल सगळीकडे पोचला असेल तर गुडघ्याला काहीच कळत नाही. कुठे पोकळ राहिलं असेल, एखादा कोपरा डुगडुगत असेल, तर आत बारीकसा दचका बसतो. बाबांचा पातळीच्या पट्टीपेक्षा गुडघ्यावर जास्त विश्वास. म्हणून आमच्यात गुडघ्याला गादी बांधणं म्हणजे कमीपणा. पँट वर दुमडायची आणि उघड्या गुडघ्यावर काम करायचं. गुडघ्यावर जाड काळा घट्टा पडला की माणूस तयार झाला असं समजतात. दादाचा घट्टा तर दुसऱ्या कामांवरचे मिस्त्री येऊन बघून जायचे, आणि तोही काही न बोलता पाय जरा पुढे करून बसायचा.

मला हे गुडघ्याचं कधी जमलं नाही. माझा गुडघा ठार बहिरा. बाबांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग म्हणाले, "तू कानानं बघ." तेव्हापासून मी थापीचा लाकडी दांडा फरशीवर टकटक वाजवते आणि ऐकते. भरीव आवाज वेगळा, पोकळ आवाज वेगळा. गुडघ्याखाली दुमडलेलं गोणपाट घेते, त्यावरून कामावरचे सगळे मला गादीवाली म्हणतात. म्हणोत बापडे. मी बसवलेली एक फरशी आजवर हललेली नाही.

यंदा आम्हाला इस्पितळाच्या नव्या मजल्याचं काम मिळालं. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला ऑपरेशनची खोली. देखरेखीला एक चष्मेवाले साहेब होते. ते म्हणाले, "तुमचं नाव ऐकून बोलावलंय." माझी कॉलर ताठ झाली, अंगात कॉलर नसली तरी. दादानं कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला आणि म्हणाला, "नुकतं पोट शिवलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून इथून नेणार. एक कोपरा जरी वर राहिला तरी त्याला कळ येईल." दादा एका दमात एवढं बोलला म्हणजे काम त्यानं मनावर घेतलं होतं.

पण त्याचा उजवा गुडघा काही महिन्यांपासून कुरकुरत होता. जिना उतरताना तो कठडा धरून आडवा आडवा उतरायचा. चहाला बसला की उठल्यावर पहिली काही पावलं लंगडत जायचा, आणि मी बघतेय असं दिसलं की थांबून भिंतीकडे बघत उभा राहायचा, जणू भिंतीत काहीतरी चुकलंय. मग गुडघा इतका सुजला की पँट त्याच्यावर दुमडेना. हात लावला तर गरम लागायचा. घरी वहिनी त्याच्यावर आमच्या धंद्यातला उपाय करत होत्या. फरशीचा उरलेला तुकडा शेगडीवर तापवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि गुडघ्यावर दाबून धरायचा, वर तेल लावून खसाखसा चोळायचं. बाबांनी हेच केलं, त्यांच्या बाबांनीही हेच केलं असणार. सकाळी गुडघा आणखी फुगलेला असायचा आणि वहिनी म्हणायच्या, "कमीच शेकलं काल."

"डॉक्टरला दाखव," मी म्हणाले.

"बाबांना कधी डॉक्टर लागला का?"

"लागला नाही, आणि शेवटची वर्षं खुर्चीवरून उठायला आपण दोघं लागायचो, ते विसरलास वाटतं."

त्यावर तो दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही, म्हणजे नेहमीपेक्षा कमी बोलले.

आमची आणखी एक रीत आहे. मी बसवलेली ओळ दादा गुडघ्यानं तपासतो, त्यानं बसवलेली मी कानानं, पण माझं तपासणं नावालाच. एके सकाळी कॉरिडॉरच्या मधोमध मी आदल्या दिवशी बसवलेल्या ओळीवर दादा वाकला. त्यानं गुडघा टेकला आणि कपाळाला आठी घातली. पुढच्या फरशीवर सरकला, पुन्हा तेच. अशी अख्खी ओळ त्यानं पार केली आणि म्हणाला, "पोकळ आहे."

"कुठली?"

"सगळी."

मला आधी हसूच आलं. मी थापीचा दांडा घेऊन सबंध ओळ वाजवून दाखवली. स्वच्छ, घट्ट, भरीव आवाज. भिंती रंगवणारा शिडीवरून म्हणाला, "मला तर सारखाच ऐकू येतो." दादा म्हणाला, "गुडघा सांगतो ते खरं." आणि त्यानं छिन्नी घेतली.

मी त्याचा हात धरायला हवा होता असं नंतर वहिनी म्हणाल्या. दादाचा हात धरणारी बाई अजून जन्मायची आहे. तो माझी ओळ उखडत गेला. फरश्या सुटत नव्हत्या, छिन्नीनं तुटत होत्या. एक अख्खी निघाली तर तिच्या पाठीला माल असा चिकटलेला की खालचा थरसुद्धा तिच्याबरोबर उचलून आला. मी ती फरशी त्याच्या नाकासमोर धरली.

"ही पोकळ? बघ ना. नखाएवढी तरी जागा सुटलीय का?"

त्यानं बघितलं. बघितलं आणि म्हणाला, "वरून भरलेला दिसतो. आत बसलेला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला सगळं दिसत होतं. पण त्याच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. एक तर माझं काम खोटं, नाहीतर त्याचा गुडघा खोटा. त्यानं बहिणीला खोटं ठरवलं. तेही रंगवाले, वायरवाले, नळवाले असे सगळे बघत असताना. मी थापी धुतली, पुसली, पिशवीत घातली आणि म्हणाले, "बसव मग एकटा." आणि निघाले. रस्त्यानं जाताना मी मोठ्यानं बोलत होते, लोक वळून बघत होते. बघोत.

घरी जाऊन बसले तर डोक्यातला जाळ काही शांत होईना. दुसऱ्या कुणी माझ्या कामाला पोकळ म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण दादा म्हणाला होता. त्याचा गुडघा खोटं सांगतोय हे मला कळत होतं आणि त्याला सांगायची सोय नव्हती, कारण माझ्या कानाला तो कधी मोजतच नव्हता. कुठली फरशी दाखवली तर त्याला पटेल, असा मी विचार करत बसले आणि एकदम उठले.

मी दादाच्या घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. दादा स्वयंपाकघरात स्टुलावर पाय सरळ करून बसला होता आणि वहिनी शेगडीवरचा फरशीचा तुकडा चिमट्यानं उलटत होत्या. "बसा वन्सं," त्या म्हणाल्या. मी बसले नाही.

"दादा, खाली गुडघा टेक."

"कशाला?"

"टेक म्हणते ना."

ते स्वयंपाकघर बाबांनी केलेलं. दादाच्या लग्नाआधी त्यांनी ती फरशी बसवली, एकट्यानं, कुणाला हात लावू दिला नाही. तिच्यावर धुणं आपटलं, पाटे पडले, पोरं नाचली, पण एक कोपरा कधी हलला नाही. आमच्या घरात बाबांच्या त्या फरशीबद्दल शंका घेणारा माणूस नाही आणि दादा तर नाहीच नाही. मी काय म्हणतेय ते त्याला अजून कळलं नव्हतं. तो ओटा धरून, ओठ आवळून खाली गेला आणि त्यानं गुडघा टेकला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं भार सोडला आणि त्याच्या कपाळाला सकाळचीच आठी पडली. तो पुढच्या फरशीवर सरकला. मग दारापाशी गेला. तिथून परत ओट्यापाशी आला. वहिनी चिमट्यात तापलेला तुकडा धरून तशाच उभ्या.

"हलतेय का?" मी विचारलं.

मी ओट्यावरची पळी घेतली आणि तिच्या दांड्यानं त्याच्या गुडघ्याशेजारी वाजवलं. भरीव. दुसरीकडे वाजवलं. भरीव.

"सांग ना दादा. बाबांची फरशी पोकळ आहे?"

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मग माझाच गुडघा," असं म्हणून तो तिथंच खाली बसला, पाय पसरून, पाठ ओट्याला टेकवून. एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. "धाकटे, हा गेला तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "उद्या सकाळी डॉक्टरकडे," मी ओरडले, "आणि वहिनी, तो तुकडा आधी फेकून द्या." वहिनींनी तो खिडकीतून फेकला. नशीब, खाली कुणी नव्हतं.

इस्पितळाच्या जुन्या इमारतीत हाडांच्या डॉक्टर बाई बसतात. चेहरा हसरा, हात मात्र कडक. त्यांनी दादाला झोपवलं, गुडघ्याच्या वाटीच्या एका बाजूनं दाबलं तर दुसऱ्या बाजूला फुगवटा आला. मग त्यांनी एक्स-रे काढायला लावला आणि सुईनं गुडघ्यातलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवलं, कारण गुडघा इतका गरम असला की आत जंतू तर नाहीत ना, हे आधी बघावं लागतं. जंतू नव्हते.

"हाडांच्या टोकांवर गुळगुळीत आवरण असतं," बाई म्हणाल्या. "तुमचं ते झिजलंय. झिजलं की आत सूज येते, आणि सूज आली की गुडघा जास्तीचं पाणी तयार करतो. शिवाय वाटीच्या पुढे कातडीखाली एक चपटी पिशवी असते, ती रोज टेकून टेकून सुजलीय. दुखतं म्हणून तुम्ही त्या पायावर जोर देत नाही, त्यामुळे मांडीचा स्नायूही ढिला पडलाय. आता तुम्ही गुडघा टेकलात की आतलं पाणी सरकतं आणि सांधा डळमळल्यासारखा वाटतो."

"म्हणजे हलतं ते आत," मी म्हणाले.

"हलतं ते आत."

मी तिथल्या तिथे टाळीच वाजवणार होते, पण वहिनींनी माझा हात धरून ठेवला. दादा छताकडे बघत होता.

बाईंनी शेकाचं विचारलं तेव्हा वहिनींनी सगळं सांगितलं. शेगडी, तुकडा, तेल, चोळणं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नुसता आखडलेला सांधा असेल तर कोमट शेक बरा वाटतो. पण गरम झालेल्या, सुजलेल्या गुडघ्याला आणखी तापवायचं नाही आणि रगडायचं तर मुळीच नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ ठेवा, उघडा बर्फ कातडीला लावू नका." सुजेवरच्या गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर, त्याही त्यांनी आधी पोटाचं आणि रक्तदाबाचं विचारून मगच दिल्या. अंथरुणावर पडून राहायचं नाही, सपाट रस्त्यावर रोज चालायचं. आणि मांडीचा व्यायाम. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, धरून ठेवायचा, हळू खाली सोडायचा. मग झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्यानं खाली दाबायची. "मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार तीच उचलते," असं म्हणून बाईंनी दादाच्या पोटाकडे बघितलं, "आणि तो भारही थोडा कमी केलात तर बरं."

दादानं पोट आत घेतलं. मग त्यानं घट्ट्यावर बोट ठेवलं. "आणि हे? हे बळकट नाही का?"

"ती कातडी आहे काका. वरून जाड झाली म्हणून आतलं वाचत नाही."

मग दादानं जे विचारायचं होतं ते विचारलं. "पुन्हा टेकता येईल?"

"सूज पूर्ण उतरल्यावर. जाड गादी बांधून, थोडा वेळ. मग उठून चालायचं आणि पुन्हा थोडा वेळ. झिजलेलं आवरण पुन्हा येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण दुखणं कमी होतं आणि माणूस कामही करतो. उघडा गुडघा मात्र आता विसरा."

"गादी बांधली तर फरशी कळणार कशी?"

"ते मला कसं सांगता येईल?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दादा घरी बसला. बसला म्हणजे काय, त्यानं व्यायामाचंही काम सुरू केलं. मी एकदा गेले तर महाशय खुर्चीवर बसून, पाय समोर ताणून, नडगीवर पातळीची पट्टी ठेवून आतला बुडबुडा मधोमध आला की नाही ते बघत होते. वहिनी म्हणाल्या, "बुडबुडा हलला की पुन्हा पहिल्यापासून करतात. माझा स्वयंपाक होतो, यांचा एक पाय होत नाही." मी पोट धरून हसले आणि घरी येताना मला खूप अभिमान वाटला. जे करायचं ते चोख करायचं हे त्याच्या हाडात आहे, आणि ते हाड काही झिजलेलं नव्हतं.

इकडे कॉरिडॉर मी एकटीनं पुढे नेला. खोल्या केल्या, उंबरे केले, ऑपरेशनच्या खोलीपर्यंत पोचले. फक्त मधली ती उखडलेली ओळ तशीच उघडी ठेवली. तिच्यावरून फळी टाकून लोक ये-जा करायचे. साहेब रोज विचारायचे, "हे कधी बुजवणार?" मी म्हणायचे, "उचलली त्यानं, बसवणार तोच." ते चष्मा पुसायचे आणि निघून जायचे.

खरा त्रास वेगळाच होता. कामावर बोलणं पसरलं होतं की गादीवालीची ओळ पोकळ निघाली, भावाला अख्खी उखडावी लागली. नळवाला तर मला समजावून सांगायला लागला की माल जरा पातळ झाला की असं होतं. मला, माल कसा कालवायचा ते. एका वाक्यात मी त्याचं तोंड बंद केलं असतं. पण ते वाक्य म्हणजे दादाचा गुडघा गेला, हे. ते एकदा बाहेर पडलं असतं तर गावातल्या एकाही माणसानं दादाला कामाला बोलावलं नसतं. मी तोंडाला कुलूप लावलं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ते माझ्यासाठी काय आहे. दात आवळून आवळून माझा जबडा दुखायला लागला, आणि त्यालाही बर्फच लावावा लागतोय की काय असं वाटलं.

दादा परत आला तेव्हा सूज उतरली होती आणि पँट ढिली झाली होती. जिना तो सरळ चढून आला. कठड्याला हात होता, पण पाऊल सरळ. सगळ्यांनी कामं थांबवली. दादा उखडलेल्या ओळीपाशी उभा राहिला, पिशवीतून काळ्या जाड गाद्या काढल्या आणि सगळ्यांदेखत, अगदी सावकाश, दोन्ही गुडघ्यांवर बांधल्या.

"काय दादा," शिडीवरचा रंगवाला म्हणाला, "तुम्हीपण गादीवाले झालात?"

"झालो," दादा म्हणाला आणि खाली टेकला.

त्यानं खालचा जुना माल साफ केला, नवा पसरला, पहिली फरशी बसवली, ठोकली, पट्टी ठेवली. मग सवयीनं गुडघा पुढे नेला आणि मधेच थांबला. त्या गादीतून त्याला काय कळणार होतं? त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी वाकून दांडा वाजवला.

"भरीव," मी म्हणाले.

त्यानं पुढची घेतली. थोडा वेळ झाला की उठायचा, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून यायचा, पुन्हा टेकायचा. बाईंनी सांगितलं तसं, तंतोतंत. एक फरशी मी दोनदा वाजवली. "डावा कोपरा पोकळ आहे," मी म्हणाले. दादाच्या कामाला पोकळ म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. सगळे बघत होते. दादानं फरशी उचलली. डाव्या कोपऱ्याखाली खरंच माल पोचला नव्हता. त्यानं माल भरला, फरशी परत बसवली आणि मी दांडा वाजवावा म्हणून हात मागे घेऊन थांबला.

ओळ पूर्ण झाली तेव्हा साहेब आले. "झाली एकदाची," ते म्हणाले. "पण आता सांगा, या ओळीत नेमकं झालं होतं काय? मला वर सांगावं लागतं."

मी घाईघाईनं म्हणाले, "साहेब, माल जरा..."

"माल चांगला होता," दादा खालून म्हणाला. आवाज चढवला नाही, पण कॉरिडॉर रिकामा आणि फरशी कोरी, शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. "ओळ पक्की होती. हिनं बसवलेली. माझा गुडघा बिघडला होता, त्याचं ऐकून मी ती उखडली आणि दोष हिला दिला. वर असंच सांगा."

नळवाला नळाकडे बघायला लागला. साहेब नुसतं "बरं" म्हणाले. मला काय झालं ते मी सरळ सांगते. आजवर दादाची कितीतरी कामं बघून माझी छाती फुगली आहे, पण त्या वेळी जेवढी फुगली तेवढी कधीच नाही. एवढं कबूल करणं त्याला किती जड गेलं असेल, ते फक्त मला ठाऊक होतं.

"इकडे ये," दादा मला म्हणाला.

मी पुढे गेले. त्यानं पिशवीत हात घातला आणि आणखी दोन गाद्या काढल्या, नव्या कोऱ्या, त्याच्या गाद्यांपेक्षा लहान. तो गुडघ्यांवर होताच, तसाच पुढे सरकला आणि माझ्या गुडघ्यांना त्या बांधायला लागला.

"माझं गोणपाट आहे की," मी म्हणाले.

"गोणपाटानं भागत नाही. बाबांचे गेले, माझे एवढेच राहिलेत. तुझे मला शाबूत पाहिजेत." त्यानं पट्टा ओढून पाहिला, घट्ट झाला का ते विचारलं आणि मग हात वर केला. "आता दे हात. उठव मला."

दादानं आजवर उठायला कुणाचा हात घेतला नव्हता, बाबांचाही नाही. मी दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. पोट कमी झालं असलं तरी चांगलाच जड आहे. तो उठला, पाय झटकून सरळ केला आणि मग आम्ही दोघं उरलेल्या जिन्याचं माप घ्यायला गेलो.